अर्धी लादी

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यात
मी लाद्या मोजतो. बावीस वर्षं झाली.
बोटं कायम ओली, त्यामुळे फोन उघडायचा
तर अंगठा आधी शर्टाला पुसावा लागतो.
हे एवढ्याचसाठी सांगतो
की त्या रात्री मी अंगठा पुसला होता.
विचार करायला वेळ होता.

चिपळूणला कॉलेजांची फायनल.
लिलाव आटोपून, पाट्या उपड्या घालून
त्यांच्यावर बसून आख्खं बंदर फोनमध्ये बघत होतं.
एका गुणानं मागे. शेवटची चढाई.
चोगल्यांची हर्षिका आत गेली
आणि कुणाला शिवायच्या आधीच
टाच लॉबीत पडली.
चार बोटं. फार तर पाच.
शिट्टी.

मग सुरू झालं.
कुणी लिहिलं, पैसे खाल्ले.
कुणी लिहिलं, वेणीतून वेळ मिळाला तर सराव करील ना.
कुणी तिच्या आईची पाटी काढली, पाटीचा वास काढला,
ज्या वासावर इथल्या घरांना स्लॅब पडले
त्याच घरांतून.
दापोलीच्या एका मास्तरानं, जो कधी मैदानात उतरला नाही,
पायाचं व्याकरण समजावलं.
एकानं खाली तिचा नंबर टाकला.
तो त्याला कुठून मिळाला, कुणी विचारलं नाही.

मीही लिहिलं.
तिथं माझं नाव वेगळं आहे, बंदरचा वाघ.
'हिला नांगराला बांधा,
म्हणजे पाय जागचा हलणार नाही.'
एकशे चौदा जणांना आवडलं.
जेवता जेवता मोजत होतो,
बायको म्हणाली, कसलं हसू येतंय?
म्हटलं, काही नाही. कबड्डी.

तिसऱ्या दिवशी ती कारखान्यावर आली.
आईसाठी बर्फ न्यायला नेहमी तीच येते, स्कूटीवरून.
आज चालत. उजवा पाय जरासा मागे राहत होता.
'काका, अर्धी लादी. फोडून.'
मी आकडा लावून लादी ओढली.
फळीवर माझा फोन होता, तोंड वर करून.
तो उजळला.
बंदरचा वाघ, तुमचं म्हणणं आणखी सात जणांना
तिनं वाचलं.
मी घाव घालत राहिलो. तुकडे झाले,
तुकड्यांचा चुरा झाला, तरी घालतच राहिलो.

तिनं पोतं भरलं.
एक खडा उचलून मोज्यात सरकवला, घोट्याशी.
मोजा खाली ओढला तेव्हा दिसलं:
पिकल्या कोकमाचा रंग.
तीन दिवसांची सूज नव्हती ती.

उरलेली अर्धी लादीही मी तिच्याकडे ढकलली.
'ने गं, राहू दे.'
'वजनात धरा,' ती म्हणाली. 'आणि पावती द्या.'
बाकी काही नाही. शिवीसुद्धा नाही.
पावतीवर मी तारीख चुकलो,
खोडली, परत चुकलो.

रात्री ते वाक्य पुसून टाकलं.
सकाळी कुणीतरी त्याचाच फोटो चिकटवलेला,
खाली हसणारी पिवळी तोंडं,
आणि एक ओळ: वाघ घाबरला.

काल काळोख पडल्यावर जेटीच्या टोकाला गेलो.
समोर सुवर्णदुर्ग, नुसता आकार.
फोनवर घड्याळ लावलं आणि म्हणून बघितलं
एका दमात,
कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
ती तीस सेकंद म्हणते, सात जणींच्या मधून,
वाकत, वळत, सुजल्या घोट्यावर.
मी जागचा हललो नव्हतो. समोर नुसतं पाणी.
अकराव्या सेकंदाला खोकला आला.

खालच्या होडीतून कुणीतरी हाक दिली,
'कोन रं तो?'
मी फोनचा उजेड हातानं झाकला.